लंडनचं पार्लमेंट बघायला जाताना रंगो बापूजींची आठवण सोबत न्या

मागच्या अंकात लंडनच्या मुक्कामाविषयी लिहिताना मी वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटवर चारच ओळी लिहिल्या होत्या. त्या चार ओळींवर जेवढी पत्रं आली तेवढी बाकीच्या सगळ्या लेखावर आली नाहीत. म्हणून या वेळचं सदर त्या एका इमारतीला देते. नवीन वाचकांसाठी सांगते : मी साताऱ्यात ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. लेक आणि जावई लंडनला हॅरोमध्ये राहतात. त्यामुळे ही इमारत चार वेळा आतून पाहून झाली, आणि अजून एकदा जावंसं वाटतं.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं जूनमध्ये मुलाकडे लंडनला जातोय. पार्लमेंट आतून बघता येतं का, की पुलावरून फोटो काढून परत फिरायचं? तिकीट कधी काढावं? (पुण्याहून, निवृत्त बँक कर्मचारी)

बघता येतं. कॉमन्स म्हणजे निवडून आलेल्या खासदारांचं सभागृह आणि लॉर्ड्स म्हणजे वरचं सभागृह, दोन्हींच्या आत उभं राहून बघता येतं. पण वाटा दोन आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली वाट तिकिटाची. ही टूर बहुतेक शनिवारी असते, आणि पार्लमेंटला सुट्टी असेल तेव्हा आठवड्यातल्या इतर दिवशीही. जूनमध्ये अधिवेशन चालू असतं, म्हणजे तुमच्या हाती शनिवारच धरा. तिकीट पार्लमेंटच्या स्वतःच्या वेबसाइटवरून आधीच काढून ठेवा. मुलाला आजच सांगा, विमानाचं तिकीट झालं की लगेच हे. गाइडबरोबरची टूर साधारण दीड तासाची. कानाला यंत्र लावून आपलं आपण फिरण्याचीही सोय आहे, पण मी गाइडच घ्या म्हणेन. प्रश्न विचारता येतात.

दुसरी वाट फुकट आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. अधिवेशन चालू असताना कोणीही, कुठल्याही देशाचा माणूस, रांगेत उभा राहून प्रेक्षक सज्जात जाऊन कामकाज ऐकू शकतो. सोमवार ते गुरुवार बहुधा बैठक असतेच. बुधवारी दुपारी १२ वाजता पंतप्रधानांना प्रश्न विचारतात, त्या वेळी मात्र गर्दी उसळते आणि तिथल्या रहिवाशांना त्यांच्या खासदारांकडून आधीच पास मिळालेले असतात. तुम्ही गुरुवारची दुपार धरा. मी गेले त्या गुरुवारी मासेमारीच्या परवान्यांवर चर्चा चालू होती. साडेसहाशे खासदारांच्या सभागृहात वीसेक जण हजर असतील. एक बाई समुद्रकाठच्या आपल्या गावातल्या बोटवाल्यांविषयी इतक्या पोटतिडकीने बोलत होत्या की मला आपली हर्णै-दापोलीकडची माणसं आठवली. टीव्हीवर दिसते ती आरडाओरड म्हणजे पार्लमेंट असं वाटत असेल, तर ही दुपार अवश्य बघा.

वेस्टमिन्स्टर स्टेशनला उतरलात की समोरच आहे. पाहुण्यांना क्रॉमवेल ग्रीनच्या बाजूने आत घेतात. तपासणी विमानतळासारखी. आमच्या विहीणबाईंच्या बटव्यात अडकित्ता होता. तपासणीच्या माणसाने तो उलटसुलट करून पाहिला, कशाला लागतो ते विचारलं आणि आत न्यायला नम्रपणे नकार दिला. जावई तो घेऊन बाहेर थांबले आणि त्यांची टूर बुडाली. तेव्हा अडकित्ता, सोलाणं, छोटी सुरी घरीच ठेवा. मोठ्या बॅगाही नकोत.

प्रश्न : माझे गुडघे दुखतात. दीड तास उभं राहणं झेपेल का? (कराड)

आधी कळवलं तर चाकाची खुर्ची मिळते, लिफ्टची वाटही आहे. संकोच करू नका, तिथले लोक मदत मनापासून करतात. सभागृहातल्या बाकांवर मात्र कोणालाच बसू देत नाहीत, ती जागा फक्त सदस्यांची. टूरच्या आधी वेस्टमिन्स्टर हॉलला लागून असलेल्या उपाहारगृहात बसून चहा घ्या, स्वच्छतागृहही तिथेच. आणि जून असला तरी शाल हवीच. त्या हॉलची फरशी दगडी आहे आणि गारवा पायातून वर चढतो.

प्रश्न : बाई, स्पष्ट लिहितो. ज्या पार्लमेंटने कायदे करून आपल्यावर राज्य केलं, ती इमारत पैसे मोजून बघायची आणि तिचं कौतुक करायचं हे मला पटत नाही. तुम्ही इतिहासाच्या शिक्षिका असून असं लिहिता? (कोल्हापूर)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमचा राग खरा आहे, म्हणून उत्तर सविस्तर देते.

मी पहिल्यांदा तिथे गेले ती एका माणसाला शोधत गेले. रंगो बापूजी गुप्ते. साताऱ्यात त्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं आणि त्यांनी काय केलं ते फार थोड्यांना. १८३९ साली कंपनी सरकारने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना गादीवरून काढलं. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा, कंपनीच्या शिपायांना फितवल्याचा आरोप ठेवला. महाराजांना काशीला नेऊन ठेवलं. त्यांची बाजू विलायतेत मांडायला जे गेले त्यांतले रंगो बापूजी लंडनला टिकून राहिले. किती, तर १४ वर्षं. इंग्रजी शिकले. कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कचेरीत भागधारकांच्या सभेपुढे बोलले. अर्जामागून अर्ज छापून वाटले. गुलामगिरीविरुद्ध लढलेले जॉर्ज थॉम्पसन त्यांच्या बाजूने उभे राहिले, जोसेफ ह्यूम या खासदारांनी साताऱ्याचा प्रश्न पार्लमेंटमध्ये मांडला. निकाल बदलला नाही.

आता माझ्या एका कागदाविषयी सांगते. पहिल्या भेटीला जाण्याआधी मी लेकीच्या जेवणाच्या टेबलावर बसून एका कागदावर दोन रकाने आखले. एकात रंगो बापूजी, दुसऱ्यात ही इमारत. जुना राजवाडा १६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री जळाला. खजिन्याच्या हिशेबाच्या खुणा कोरलेल्या जुन्या लाकडी काठ्या भट्टीत घालून जाळत होते, ती आग भडकली. नव्या इमारतीची कोनशिला बसली २७ एप्रिल १८४० रोजी, वास्तुविशारद चार्ल्स बॅरी यांच्या पत्नीच्या हस्ते. रंगो बापूजींचं लंडनमधलं काम सुरू झालं तेही १८४० सालीच. १८४७ मध्ये लॉर्ड्सचं सभागृह तयार होऊन वापरात आलं. त्याच वर्षी प्रतापसिंह महाराज काशीला वारले. १८४८ मध्ये डलहौसीने साताऱ्याचं राज्यच खालसा केलं. १८५२ मध्ये कॉमन्सचं सभागृह उघडलं. १८५३ अखेर रंगो बापूजी हात हलवत परत निघाले.

म्हणजे ते न्याय मागत होते ती सगळी वर्षं ही इमारत नदीकाठी चढत होती. ते त्या रस्त्यांवरून चालत असतील तेव्हा त्यांना परांच्या, दगड घेऊन आलेल्या होड्या, बुरुजाचं अर्धं काम दिसलं असेल. हे माझं अनुमान आहे, पण दोन रकाने शेजारी शेजारी ठेवले की ते टाळता येत नाही. आज आपण जिला पार्लमेंटची प्राचीन इमारत म्हणतो ती आपल्या रंगो बापूजींच्या डोळ्यांदेखत उभी राहिली.

परत आल्यावर काय झालं ते तुम्ही कोल्हापूरचे म्हणजे तुम्हाला ठाऊक असेल. १८५७ मध्ये साताऱ्याचा कट उघडकीला आला. गेंडामाळावर ज्यांना मारलं त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. १४ वर्षं अर्ज केलेल्या माणसाने शेवटी तलवारीची वाट का धरली, हा प्रश्न मी दर वर्षी नववीच्या वर्गात विचारत असे. वर्ग एकदम शांत व्हायचा.

कॉमन्सच्या सभागृहात अध्यक्षांच्या खुर्चीमागे एक पिशवी टांगलेली असते. लोकांचे अर्ज खासदाराने वाचून दाखवायचे, नाहीतर न बोलता त्या पिशवीत टाकायचे, अशी जुनी रीत. गाइडने ती पिशवी दाखवली तेव्हा बाकीचे लोक पुढे सरकले. मी तिथे थांबले. माझी नात हात ओढत होती, "आजी, चल ना." मला दोन मिनिटं हवी होती.

म्हणून मी जाते. पैसे मोजून जाते, आणि तुम्हीही जावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी इतिहासात एम.ए. करतेय. सप्टेंबरमध्ये एका महिन्यासाठी लंडनला जाण्याची संधी मिळाली आहे. गाइड त्यांच्या राजाराण्यांचं सांगणारच. आपल्या नजरेने नेमकं काय बघू? (नागपूर)

तुझ्या या प्रश्नाने मला फार आनंद झाला. टूर ज्या क्रमाने जाते त्याच क्रमाने सांगते, वहीत लिहून घे.

सुरुवात वेस्टमिन्स्टर हॉलपासून. १०९७ साली बांधलेला. १८३४ च्या आगीतून तो वाचला. वर बघ. लाकडी छत चौदाव्या शतकाच्या अखेरीचं, हॉल ७३ मीटर लांब आणि जवळजवळ २१ मीटर रुंद, आणि मधे एकही खांब नाही. पहिला चार्ल्स राजा याच हॉलमध्ये १६४९ च्या जानेवारीत आरोपी म्हणून उभा केला गेला. गाइड तिथे बराच वेळ घेईल, घेऊ दे. तू मनात दुसरा खटला आण. वॉरन हेस्टिंग्ज. बंगालचा माजी गव्हर्नर जनरल, ज्याच्या काळात पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं आणि सालबाईचा तह झाला. १३ फेब्रुवारी १७८८ ला त्याच्यावरचा खटला इथे सुरू झाला. काशीचा राजा चेतसिंग आणि अयोध्येच्या बेगमा यांच्यावर केलेला जुलूम ही त्यातली मोठी कलमं. आरोप मांडणारा खासदार एडमंड बर्क दिवसचे दिवस बोलला. निकाल लागला २३ एप्रिल १७९५ ला, आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. खटला चालू असताना इकडे पुण्यात नाना फडणीस कारभार बघत होते आणि महादजी शिंदे वानवडीला वारलेही होते. या हॉलमध्ये हिंदुस्थानातल्या कारभाराचा हिशेब भर सभेत मागितला गेला, आणि सात वर्षांनी तो हिशेब मिटवला गेला. फोटो काढायचे ते इथे आणि पुढच्या सेंट स्टीफन्स हॉलमध्ये काढून घे. पुढे मनाई आहे.

सेंट स्टीफन्स हॉलमध्ये दोन्ही भिंतींवर मोठमोठी चित्रं आहेत, त्यांच्या देशाच्या घडणीची. त्यात विल्यम रोथेनस्टाइनने काढलेलं एक चित्र शोध : सर टॉमस रो, इंग्लंडच्या राजाने पाठवलेला वकील, मोगल दरबारी. माझी नात तेव्हा नऊ वर्षांची होती. दागिने आणि पागोटी बघून ती थबकली आणि खालची ओळ मोठ्याने वाचायला लागली. रोने आपल्या सौजन्याने आणि ठामपणाने अजमेरच्या दरबारात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश प्रभावाचा पाया घातला, अशा अर्थाची ती ओळ, आणि वर्ष १६१४. मी तिला म्हटलं, "थांब, इथे दोन चुका आहेत, शोधूया." रो सुरतेला उतरला तेच १६१५ च्या सप्टेंबरात. आणि जहांगीराने त्याला मानाने वागवलं, पण त्याला हवा होता तसा तह काही करून दिला नाही. १६१९ मध्ये तो परत गेला. घरी येताना नात ट्यूबमध्ये विचारत होती, "मग एवढ्या मोठ्या भिंतीवर चुकीचं कसं लिहिलं?" भिंतीवर लिहिलेलंही तपासून बघायचं असतं, हे तिला त्या दिवशी कळलं. मला ते शिकायला कॉलेजची दोन वर्षं लागली होती.

मधला अष्टकोनी सेंट्रल लॉबीचा भाग सुंदर आहे, पण तिथे वेळ घालवू नकोस. तो शेवटी सांगते.

रॉयल गॅलरीत मात्र थांब. भरपूर थांब. ते एक लांबलचक दालन आहे आणि दोन्ही बाजूंना डॅनियल मॅक्लिसची दोन अवाढव्य चित्रं. एकात ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनचा मृत्यू. दुसऱ्यात वॉटर्लूच्या लढाईनंतर घोड्यावर बसलेला वेलिंग्टन. या वेलिंग्टनला आपण आधीपासून ओळखतो. आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनजवळ असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांशी तो लढला. तू नागपूरची, म्हणजे तुझा तर त्याच्याशी जुना हिशेब आहे.

आणि याच दालनात १२ नोव्हेंबर १९३० रोजी पाचव्या जॉर्ज राजाने पहिल्या गोलमेज परिषदेचं उद्घाटन केलं. त्या परिषदेला आलेल्या प्रतिनिधींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. बॅरिस्टर जयकर होते, डॉ. मुंजे होते, बडोद्याचे सयाजीराव महाराज होते. ज्या सयाजीरावांनी बाबासाहेबांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली ते आणि बाबासाहेब एकाच परिषदेचे सभासद.

इथे मी साताऱ्याची म्हणून एक गोष्ट सांगते, ती कुठला गाइड सांगणार नाही. लहानगा भीमराव ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या शाळेत पहिल्यांदा दाखल झाला ती साताऱ्याची शाळा. महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. त्या शाळेचं आजचं नाव प्रतापसिंह हायस्कूल. ज्या प्रतापसिंह महाराजांसाठी रंगो बापूजी १४ वर्षं या शहरात दारं ठोठावत राहिले, त्यांच्याच नावाची शाळा. १८४० साली इमारतीची कोनशिला बसली तेव्हा साताऱ्याचा वकील कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत होता. नव्वद वर्षांनी साताऱ्याच्या शाळेतला मुलगा त्याच इमारतीत, खाशा दालनात, आपल्या माणसांची बाजू मांडायला निमंत्रणावरून आला. त्या चित्रांखाली उभी राहून मी हे लेकीला सांगत होते तेव्हा आमच्या गटातले एक वयस्क इंग्रज गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, तुम्ही काय सांगता ते मलाही इंग्रजीत सांगाल का? मी सांगितलं. माझ्या मोडक्यातोडक्या वाक्यांत लेकीने भर घातली. त्यांनी आंबेडकरांचं नाव खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतलं.

लॉर्ड्सचं सभागृह लाल आणि सोन्याने मढलेलं आहे, डोळे दिपतात. एवढंच लक्षात ठेव : १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बने कॉमन्सचं सभागृह बेचिराख झालं, आणि १९५० पर्यंत कॉमन्सची बैठक या लाल बाकांवर भरत होती. म्हणजे जुलै १९४७ मध्ये हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या विधेयकावर कॉमन्समधली चर्चा झाली ती याच खोलीत. १८ जुलैला त्याचा कायदा झाला.

शेवटी कॉमन्स. हिरवे बाक, आश्चर्य वाटावं इतकं लहान दालन, साडेसहाशे सदस्यांना बसायला जेमतेम सव्वाचारशे जागा. दाराशी गाइड ती गोष्ट सांगेल : १६४२ मध्ये चार्ल्स राजा पाच सदस्यांना पकडायला स्वतः आत घुसला, तेव्हापासून अधिवेशनाच्या उद्घाटनाला राजाचा दूत आला की त्याच्या तोंडावर दार लावून घेतात, आणि त्याला तीनदा ठोठवावं लागतं. छान गोष्ट आहे. पण तू दाराकडेच बघत राहा. बॉम्बनंतर हे सभागृह १९५० मध्ये पुन्हा उभं राहिलं तेव्हा राष्ट्रकुलातल्या देशांनी एकेक वस्तू दिली. अध्यक्षांची खुर्ची ऑस्ट्रेलियाची, मधलं टेबल कॅनडाचं. आणि प्रवेशाची दारं भारताने आणि पाकिस्तानने दिली. दोन देश वेगळे होऊन तीनच वर्षं झाली होती. घर जळालेलं, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या, आणि तरी दोघांनी दारं दिली. मला हे माहीत नव्हतं. गाइडने सहज, चालता चालता सांगितलं आणि मी परत मागे जाऊन त्या लाकडावर हात ठेवला.

वेळ उरला तर दुसऱ्या दिवशी किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर आणि मेडा व्हेलला लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले ते घर बघ. पहिलं महाराष्ट्र सरकारने घेऊन स्मारक केलं आहे, दुसऱ्यावर निळी पाटी आहे. टिळकांनी १९१९ मध्ये याच पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली होती.

प्रश्न : आजी, बिग बेनवर चढता येतं का? मी पाचवीत आहे. (ठाणे)

येतं बाळा, पण अजून थोडा मोठा हो. अकरा वर्षं पूर्ण लागतात आणि ३३४ पायऱ्या चढाव्या लागतात. बिग बेन हे आतल्या घंटेचं नाव, तिचं वजन १३ टनांहून जास्त आहे. मनोऱ्याचं नाव एलिझाबेथ टॉवर. आणि गंमत ऐक : घड्याळ मागेपुढे झालं तर लंबकावर जुनं पेनीचं नाणं ठेवतात किंवा काढतात. एका नाण्याने दिवसाला पाव-अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो, ०.४ सेकंद. आजोबांच्या जुन्या लंबकाच्या घड्याळावर करून बघ, पण आधी त्यांना विचार.

प्रश्न : आम्ही बारा वर्षं स्लाऊला राहतो, दोघं आयटीत. रोज त्या इमारतीवरून जातो, पण आत कधी गेलो नाही. ती आपली नाही असंच वाटतं. मुलांना नेऊ का? नेलं तर काय सांगू? (स्लाऊ, इंग्लंड)

तुम्हाला तर तिकीटही लागत नाही. तिथल्या रहिवाशांना आपल्या मतदारसंघाच्या खासदारामार्फत टूर फुकट मिळते, ईमेल करा. जागा भरतात, म्हणून काही महिने आधी.

आणि "आपली नाही" हे मला पटत नाही. तुमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असला तरी राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून, तिथे कायदेशीर वास्तव्य असेल तर, तुम्हाला त्यांच्या पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. किती मराठी घरांत हे माहीत नसतं! माझ्या जावयांनाही मीच सांगितलं. नाव नोंदवलं का ते आज रात्रीच बघा. १८९२ मध्ये मुंबईचे दादाभाई नवरोजी, एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले आपले दादाभाई, फिन्सबरीतून कॉमन्सवर निवडून आले ते अवघ्या पाच मतांनी, फेरमोजणीत तर तीनच मतांनी. चार वर्षं आधी त्या देशाचे पंतप्रधान जाहीर सभेत म्हणाले होते की इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देणार नाहीत. मुलांना ही गोष्ट हिरव्या बाकांसमोर उभं राहून सांगा.

मग त्यांना सेंट्रल लॉबीत आणा, जिच्याविषयी मघाशी लिहायचं ठेवलं होतं. कोणीही मतदार त्या अष्टकोनी दालनात येऊन आपल्या खासदाराला भेटायचं म्हणू शकतो. तिथे एक हिरवं कार्ड भरून द्यायचं. नाव, पत्ता, काम काय ते. तिथला माणूस ते घेऊन खासदाराला शोधायला जातो. गेल्या वर्षी माझ्या लेकीने ते भरलं. नातीच्या शाळेसमोरच्या रस्त्यावर मुलांना ओलांडायला सुरक्षित जागा नाही, एवढंच काम होतं. खासदार सभागृहात नव्हते. आम्ही चाळीस मिनिटं त्या बाकावर बसलो आणि घरी आलो. बाराव्या दिवशी त्यांच्या सहीचं पत्र दारात पडलं, विषय स्थानिक कौन्सिलकडे पाठवला आहे म्हणून.

पत्र नातीने फोडलं. मी ते तिच्याकडून मागून घेतलं आणि माझ्या त्या दोन रकान्यांच्या कागदाबरोबर साताऱ्याला आणलं आहे.